खासदारसाहेबांचा दुभाषा

एका माणसाची आई वारली होती आणि ती आजारी आहे असं मी सांगितलं. माझी चूक एका वाक्याची. त्या वाक्याने एका ब्रिटिश खासदाराची कारकीर्द बुडवली, असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्यांची माफी मागायला या हिवाळ्यात पुन्हा दुबईला गेलो.

विमानतळावरून थेट करामा या जुन्या वस्तीत, नितीनकडे. आम्ही एकाच बांधकाम कंपनीत होतो. मंदीत मी पुण्याला परतलो, तो तिथेच राहिला. करामा फारसा बदललेला नाही: बुटक्या इमारती, बाल्कन्यांत वाळणारे कपडे, खालच्या हॉटेलातून येणारा सांबाराचा वास. तिथे जेवलो. थाळी वीस दिरहमची. "म्हणजे साडेतीनशे रुपये," मी मोठ्याने म्हणालो.

"अजून गुणाकार करतोस? मग घास उतरणार कसा?" नितीन म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "आणि तुझी ती माफी. एक्सपायरी डेट उलटून गेली रे तिची."

मंदीच्या दुसऱ्या वर्षी खासदारसाहेब आमचा अल क्वोजचा कॅम्प (कामगारांची वसाहत) पाहायला आले होते. तरुणपणी ते बस चालवत. ड्रायव्हरांच्या जेवणाच्या सुट्टीसाठी भांडत युनियनमधून वर आले आणि पार्लमेंटात पोहोचले. त्यांच्यासाठी आम्ही कॅम्पच्या फक्त पुढच्या भिंती रंगवल्या. दुभाषा मी होतो. रांगेतल्या रामप्रीत नावाच्या सुताराला त्यांनी विचारलं, घरी कधी जाऊन आलास? तो म्हणाला, "माँ मर गई, साहब. कंपनी ने पासपोर्ट नहीं दिया."

ऑफिसातली निम्मी टेबलं तेव्हा रिकामी झाली होती. माझा व्हिसा कंपनीच्या हातात आणि मॅनेजर माझ्या पाठीमागे उभा. शिवाय पाहुण्यासमोर घरातलं उघडं करू नये, हे अंगात मुरलेलं. मी इंग्रजीत म्हणालो, "त्याच्या आईला बरं नाही. कंपनी त्याच्या रजेची व्यवस्था करते आहे."

साहेबांनी रामप्रीतचा खांदा थोपटला. रामप्रीतने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मायदेशी परतल्यावर साहेबांनी पार्लमेंटात सांगितलं की मी स्वतः पाहून आलो, कामगार समाधानी आहेत. मग वर्तमानपत्रांनी कॅम्पची खरी अवस्था छापली. त्यांच्याच युनियनने त्यांना विकला गेलेला माणूस म्हटलं, आणि पुढच्या निवडणुकीत ते पडले.

आता ते दुबईतच असतात, एका बिल्डरचे सल्लागार म्हणून. मरीनाजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटायचं ठरलं. मेट्रोतून जाताना अर्ध्यावर सोडलेला एक टॉवर दिसला, आतून पोकळ. साहेब जाड झाले होते. मी सगळं सांगून टाकलं, खाली बघत.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

मी वर पाहिलं.

"माझ्या डेपोत निम्मे ड्रायव्हर पंजाबी होते. कितीतरी वर्षं त्यांच्यासोबत चहा प्यायलो. आई मेली, एवढं मला समजतं." कप फिरवत ते पुढे बोलले, "माझ्या गावात काचेचा कारखाना होता. तुमच्या टॉवरना काच तिथून यायची. ऑर्डरी बंद पडल्या होत्या. तुमचा मॅनेजर म्हणाला, पुन्हा सुरू करू. मला तू म्हणालास तेच ऐकायचं होतं."

"मग ऑर्डरी आल्या?"

"कारखाना माझ्या आधी पडला." ते हसले. मग विचारलं, "त्या सुताराला भेटलास?"

"नाही."

"मीही नाही."

कॉफीचे पैसे त्यांनीच दिले. मी समुद्र ओलांडून चुकीच्या माणसाकडे आलो होतो. सोपा माणूस निवडला होता, इंग्रजीत सॉरी म्हणता येईल असा.

आमची कंपनी खलास झाल्यावर रामप्रीत पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या बंदरात कामाला गेला, हे नितीनला माहीत होतं. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी नितीन मला आपल्या गाडीतून तिकडे घेऊन गेला. आधी वाळू, मग तपकिरी, उघडेबोडके डोंगर, आणि एका वळणावर अचानक निळा समुद्र, बंदराच्या क्रेन, रंगीत कंटेनरांच्या थप्प्या. "फोटो काढ की," नितीन म्हणाला. मी काढला नाही.

बंदरामागच्या खोल्यांसमोर रामप्रीत बादलीतले कपडे पिळत होता. केस पिकलेले. त्याने मला लगेच ओळखलं.

"अरे, ट्रान्सलेटर साहब. आज किसको घुमाने लाए?"

"किसी को नहीं."

"तो आज झूठ किसके लिए बोलेंगे?"

नितीन गाडीकडे निघून गेला. मी सुरुवात केली. मंदी सांगितली, व्हिसा सांगितला, पाठीमागे उभा असलेला मॅनेजर सांगितला. रामप्रीतने हात वर केला.

"ये सब छोड़िए. मैंने उस दिन क्या बोला था, याद है?"

"याद है."

"तो बोलिए. अंग्रेज़ी में. मुझे सुनना है."

कपड्यांच्या दोरीखाली उभा राहून मी इंग्रजीत म्हणालो: याची आई वारली आहे, कंपनीने याला पासपोर्ट दिला नाही. ते इंग्रजीतही तितकंच छोटं होतं.

त्याने शर्ट झटकला, दोरीवर टाकला. "बस, इतना ही था," तो म्हणाला.

"हाँ, इतना ही था." मी हात जोडले. "रामप्रीतजी, आपकी माँ मर गई थी और मैंने बोला, बीमार है. मुझे माफ़ कर दीजिए."