फ्युएल डंपवरून दिसलेला ढग

माझं नाव म्हस्के. गाव बिडकीन, राहायला आता चिकलठाण्याला. शाळा सातवीपर्यंत. फौजेत बावीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून घरी आलो. त्यातली शेवटची सहा वर्षं हेलिकॉप्टरच्या युनिटात ग्राउंड क्रूमध्ये होतो. तेल भरायचं, काच पुसायची, पंख्यांना बांधलेले दोर सोडायचे, लाल पट्टीची झाकणं काढून पायलटला हात वर करून दाखवायची, ही माझी कामं. उडायचं काम साहेब लोकांचं.

हेलिपॅड उत्तरेकडं होतं. जागेचं नाव लिहीत नाही. उंची इतकी की बुटाची नाडी बांधताना धाप लागायची. साडेचारला उठायचं, पाच वाजता इंजिन गरम करायचं, उजाडलं की पहिली सॉर्टी, म्हणजे फेरी. दहाच्या आत सगळं उरकायचं, कारण दहानंतर वारा सुटायचा. मग दिवसभर आम्ही बॅरल मोजत आणि बर्फ खरवडत बसायचो.

तिथं मेजर सोनवणे होते. देवगाव रंगारीचे. आपल्या जिल्ह्याचा माणूस इतक्या लांब भेटला की रँक थोडी बाजूला राहते. चारचौघांत हिंदी, दोघंच असलो की मराठी. साहेबांचं वय तेव्हा एकोणचाळीस. त्यांनी फौजेतून रिलीज मागितला होता. बाहेर जाऊन त्यांना प्रवासी विमानाचा पायलट व्हायचं होतं.

मेसमध्ये सगळे हसायचे. विमान कंपनीत विशीतली पोरं भरती होतात. त्यात हेलिकॉप्टरचं लायसन्स विमानाला चालत नाही. परीक्षा नव्यानं, शाळा नव्यानं, मेडिकल नव्यानं. कुणी म्हणायचं, सोनवणे, तुला पगारासोबतच पेन्शन सुरू करतील. साहेबही हसायचे. मला मात्र एकदा सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांनी विमान पाहिलं ते चिकलठाण्याच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेरून, खांद्यावर पोराला घेऊन. म्हणाले, यात बसायला मिळालं तर बघ. पोरानं चालवायचंच ठरवलं. मधे तीस-पस्तीस वर्षं गेली.

परीक्षेसाठी त्यांनी पुठ्ठ्याची कार्डं केली होती. पुढं प्रश्न, मागं उत्तर. मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून देवनागरीत लिहिली. दुपारी बंकरात मी विचारायचो, ते उत्तर द्यायचे.

मी पहिल्याच दिवशी म्हणालो, “साहेब, बरोबर आलं का नाय, मला काय कळणार?”

“मागं लिहिलंय. जुळलं नाही तर शिवी द्यायची.”

“शिवी चालंल?”

“इथं तुझ्याशिवाय मला कोण देणार?”

अशी चार महिने कार्डं विचारली. त्यांच्याबरोबर माझीही पाठ झाली. त्यातलं एक कार्ड असं होतं. डोंगराच्या धारेवर थाळीसारखा गुळगुळीत ढग एका जागी उभा दिसला तर काय समजावं? मागं उत्तर होतं. वर वारा जोरात आहे. धारेच्या पलीकडच्या अंगाला हवा खाली ओढते. जाऊ नये.

आता युनिटची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्याचा रिलीजचा सिग्नल, म्हणजे मंजुरीचा कागद, आला, त्याला अवघड सॉर्टीवर पाठवायचं नाही. कागदावर असा नियम नव्हता. पण घरी निघालेल्या माणसाला धारेपलीकडं पाठवायला कुणाचं मन होत नसे. ओसी साहेबांनी, म्हणजे युनिटच्या मुख्य साहेबांनी, सिग्नल वाचला की सॉर्टीच्या फळ्यावरचं नाव पुसलं जायचं.

सोनवणे साहेबांचा सिग्नल एका संध्याकाळी आला. क्लर्कनं मला सांगितलं. सिग्नल दुसऱ्या दिवशी दुपारच्या डाकेत ओसी साहेबांपुढं जाणार होता.

सकाळी सहा चाळीसला धारेपलीकडच्या वरच्या पोस्टवरून कॉल आला. एका जवानाच्या छातीत पाणी झालं होतं, श्वास घेता येईना. फळ्यावर पहिलं नाव मेजर सोनवणे. सहा बावन्नला मी बॅरल आणायला फ्युएल डंपवर गेलो. डंप हेलिपॅडपासून दोनशे पावलं, टेकाडाच्या आडोशाला. हेलिपॅडवरून जी धार दिसत नाही, ती तिथून दिसते. धारेवर थाळी उभी होती. कडा सुरीनं कापल्यासारखी. मी पाच मिनिटं बघितलं. बाकीचे ढग सरकत होते. हा जागचा हलला नाही.

मी बॅरल तिथंच सोडलं आणि ओसी साहेबांच्या तंबूकडं गेलो. वाटेत ठरवलं काय बोलायचं ते. ढगाचं बोललो असतो तर विचारलं असतं, हवालदार, हे तुला कुणी शिकवलं? ऐकलं असतं किंवा नसतं. कागदाला मात्र कुणी नाही म्हणत नाही. मी कागदाचं बोललो.

“सर, मेजर सोनवणे साहब का रिलीज सिग्नल आया है. क्लर्क के पास है.”

“कब?”

“कल शाम, सर.”

कागद मागवला, वाचला. सोनवणे साहेब आणि कॅप्टन देवरे तिथंच होते. ओसी साहेबांनी बाहीनं फळ्यावरचं नाव पुसलं.

“देवरे, यू टेक इट.”

“राइट, सर.”

सोनवणे साहेब म्हणाले, “सर, आय ॲम रेडी.” ओसी साहेब म्हणाले, “नो. मॅटर क्लोज्ड.”

कॅप्टन देवरे चाळीसगावचे. वय सत्तावीस. शीळ घालायचे, कायम एकच धून, तीसुद्धा बेसूर. मशीनकडं येताना त्यांच्या हातात पुरी होती. ती खाऊन दुसरी काढली. तिसरी कागदात गुंडाळून खिशात घातली. म्हणाले, ही येताना.

मी पट्टे आवळले. खाली उतरून लाल झाकणं हात वर करून दाखवली. त्यांनी मोजली. मग खिडकीतून विचारलं, “म्हस्के, सगळं ठीक?”

हे ते रोज विचारायचे. पण त्या दिवशी विचारलं, हे खरं. मला वेळ होता. पंखा अजून फिरायचा होता. पण आता ढग सांगितला तर ओसी साहेबांना कळणार होतं की मी कागद कशासाठी आणला.

मी म्हणालो, “ठीक, साहेब.”

त्यांनी अंगठा दाखवला. सात बाराला मशीन उठलं.

त्या उंचीवर वजन हलकं लागतं. म्हणून सोबतच्या दुसऱ्या पायलटला पोस्टच्या खालच्या हेलिपॅडवर उतरवून एकटंच वर जायचं असतं. सात पस्तीसला उतरवल्याचा निरोप आला. सोनवणे साहेब रेडिओपाशी उभे होते. मी तंबूच्या दारात.

सात सत्तेचाळीस.

“बेस, चार्ली वन. अप्रोचिंग रिज.”

“रॉजर. वेदर?”

“वेदर क्लिअर.” मग थोडं थांबून, “सिंक. हेवी सिंक. टर्निंग लेफ्ट.”

रिज म्हणजे धार, सिंक म्हणजे हवा खाली ओढते.

“चार्ली वन, से अगेन.”

सात अठ्ठेचाळीसनंतर काही आलं नाही. सोनवणे साहेबांनी ऑपरेटरच्या हातातून माइक घेतला. आठ दहापर्यंत ते बोलावत होते. आवाज चढवला नाही. चार्ली वन, बेस. चार्ली वन, बेस. मी दारातून हललो नाही. हललो तर कुणीतरी काही विचारेल, असं वाटत होतं.

पोस्टच्या जवानाला स्ट्रेचरवर पायी खाली आणलं. खाली येत गेला तसा त्याचा श्वास मोकळा होत गेला. तो जगला. देवरे साहेबांना आणायला तीन दिवस लागले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं, त्या सकाळी हवेत काही वेगळं दिसलं? मी म्हणालो, नो सर. लिहून घेतलं, वेदर क्लिअर. देवरे साहेब स्वतःही रेडिओवर तेच बोलले होते. माझी सही झाली.

सोनवणे साहेबांनी त्या दिवसापासून कार्डांना हात लावला नाही. जायच्या आठवड्यात ती शेगडीत टाकायला निघाले. मला म्हणाले, “म्हस्के, माझ्या जागी पोरगं गेलं. मी कशाला विमान उडवू?”

त्यांनी हे सोडलं तर देवरे साहेब कशासाठी गेले? मी कार्डं त्यांच्या हातातून काढून घेतली. हवालदारानं मेजरच्या हातातून वस्तू ओढायची नसते. खाली बसलो आणि पहिलं कार्ड विचारलं. पुन्हा विचारलं. चौथ्या वेळेला उत्तर आलं. चुकीचं होतं. मी शिवी दिली.

ते गेले. मीही वर्षभरात रिटायर झालो आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वॉचमन लागलो. साहेबांचे फोन यायचे. फ्लाइंग स्कूलमध्ये एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसले. पोरं त्यांना काका म्हणायची. दोन कंपन्यांनी वय बघून अर्ज परत केला. प्रत्येक फोनला मला धडकी, की आता म्हणतील, सोडलं. बेचाळिसाव्या वर्षी एका कंपनीनं घेतलं. उजव्या सीटवर हे, डाव्या सीटवर एकोणतीस वर्षांचा कॅप्टन. त्याला सर म्हणायचं, त्याची कॉफी गार होऊ द्यायची नाही. देवगावात लोक म्हणायचे, नातवंडं खेळवायच्या वयात हा ड्रायव्हिंग शिकतोय. साहेब मला म्हणाले, फौजेत दहा वर्षं मोठ्यांना सर म्हटलं, आता दहा वर्षं लहानांना. हिशेब फिटला.

पुढं ते डाव्या सीटवर आले. कधी कधी त्यांची फेरी आमच्या इथं यायची. मी गेटवर ड्यूटीला असलो की जालना रोडवरून विमान उतरताना दिसायचं. चाकं टेकल्याचा आवाज येईपर्यंत मी श्वास धरायचो. शेवटपर्यंत ती सवय गेली नाही.

ढगाचं मी फक्त एका माणसाला सांगितलं. माझी बायको शांता. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमी ढग सांगायचा व्हता.” एवढंच. नंतर साहेब घरी आले, जेवले, की ते गेल्यावर ती भांडी घासताना म्हणायची, “सांगितलं का? नाय ना. लई मोठे शिपाई.” पंचवीस वर्षं ती हे म्हणत राहिली आणि मी पुढच्या खेपेवर ढकलत राहिलो.

गेल्या वर्षी शांता गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी नाही. आता घरात मला तोंडावर बोलणारं कुणी नाही. तेराव्याला साहेब आले. ड्यूटीवरून थेट, पांढऱ्या शर्टात. तिच्या फोटोपुढं उभे राहिले. सून चहा देऊन गेली. फोटो माझ्याकडं बघत होता. मी बोललो.

“साहेब, त्या दिवशीचा ढग मी पाहिला व्हता.”

कोणत्या दिवशीचा, हे त्यांनी विचारलं नाही.

“कुठून?”

“फ्युएल डंपवरून. सहा बावन्न.”

“आकार?”

“थाळी. जागेवर उभी.”

“देवरेला सांगितलंस?”

“नाय. तुमचा कागद सांगितला.”

“सीटवर मी असतो तर मला सांगितलं असतंस?”

“व्हय.”

त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. उठले, बूट घातले आणि गेले.

चार महिने फोन नाही. विमानं येत होती, जात होती. त्यात ते असतील की नाही, कळायला मार्ग नव्हता. माफ करा म्हणायला मी दोनदा फोन हातात घेतला. काय माफ करायचं, हे सांगता येईना म्हणून ठेवून दिला.

मग एका सकाळी फोन वाजला.

“म्हस्के, मंगळवारी माझी शेवटची फेरी. बुधवारी सकाळी सहाला तयार राहा. चाळीसगावला जायचंय, देवरेच्या बहिणीकडं. त्या दिवसाचं सगळं लिहून आण. वेळेसकट.”

“मला कुठं लिहिता येतं, साहेब?”

“कार्डं वाचता येत होती.”

दोन रात्री बसून वहीत लिहिलं. तुम्ही वाचताय ते त्याच वहीतलं, नंतर थोडं नीट केलेलं.

बुधवारी साहेब गाडी घेऊन आले. आता साधा शर्ट. कन्नडचा घाट लागला. उतरल्यावर म्हणाले, “मी तेव्हा ओसीला जास्त जोरानं नाही म्हणायला हवं होतं. तेही लिही.” लिहिलं.

देवरे साहेबांची बहीण विद्याताई, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. साहेबांना त्यांनी दारातच ओळखलं. भावाचा फोटो बैठकीत होता, गणवेशातला. माझं अक्षर त्यांना लागेना म्हणून मीच वाचून दाखवलं. साहेब तेवढा वेळ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ‘ठीक, साहेब’ या ओळीपाशी आलो. थांबलो, पाणी प्यायलो, ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

वाचून झालं. मी वाट बघत होतो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि मिटून मांडीवर ठेवली.

“त्या खिशातल्या पुरीचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. मग फोटोकडं बघून, “त्याला पुरी गारच आवडायची.”

निघताना मी वही परत मागितली नाही. त्यांनीच दारापर्यंत येऊन दिली. म्हणाल्या, हे आमच्यापुरतं ठेवू नका. ज्यांना हे कुणी सांगितलं नाही, त्यांनाही कळू द्या.

म्हणून इथं देतोय. इन्क्वायरीच्या कागदात माझ्या सहीखाली जे आहे, ते खोटं आहे. खरं असं. कॅप्टन देवरे, चाळीसगाव, वय सत्तावीस. सकाळी सात अठ्ठेचाळीसला धारेपलीकडं गेले. हवा साफ नव्हती.