चुन्याची रेघ

किस्से साठतात कसे, ते मला विचारा! आमच्या म्हैसूरच्या विमानांच्या मैदानावर आठवड्याला चार विमानं उतरायची, तीही मनात आलं तर. उरलेला वेळ आम्ही पत्र्याच्या शेडखाली बसून मागच्या विमानाबद्दल बोलायचो, आणि पुढचं येईपर्यंत मागच्याचा किस्सा होऊन जायचा. संस्थानचे दिवस होते. रेडिओ नव्हता, डांबर नव्हतं. माणसं तीन: सुपरिंटेंडेंट व्यंकटराव, झेंडेवाले दफेदारमामा, आणि मचाणावर बसून आभाळ बघणारा कारकून, म्हणजे मी.

धावपट्टी म्हणजे रोलर फिरवलेला मुरूम. शेड तिच्या उजवीकडे, आणि विमान वळवण्याजोगी घट्ट जमीन आणि माझं मचाण डावीकडे. त्यामुळे उतरलेलं विमान डावीकडे वळायचं, कडेकडेनं परत यायचं आणि शेडकडे जायला पुन्हा धावपट्टीच ओलांडायचं. सगळी गंमत त्या ओलांडण्यात होती.

*

कॅप्टन रुस्तम आमचे नेहमीचे पायलट. माणूस दिलदार, पण चाकं जमिनीला लागली की त्यांना फक्त चहा दिसायचा! एकदा ते असेच उतरले, वळले आणि इकडेतिकडे न बघता धावपट्टी ओलांडून शेडपाशी आले. त्याच क्षणी मागून दुसरं विमान टेकत होतं. त्या बिचाऱ्यानं कसंबसं विमान पुन्हा वर उचललं आणि रुस्तमसाहेबांच्या शेपटावरून हातभर अंतरानं काढलं.

रुस्तमसाहेब खाली उतरून म्हणाले, "चहा तयार ने?"

"अय्यो कॅप्टन, तुमच्या डोक्यावरून आत्ता विमान गेलं की हो!" व्यंकटराव ओरडले.

"पण साला, मी तर उतरलो होतो!"

"उतरलो म्हणजे पोचलो नव्हे!" व्यंकटराव म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी धावपट्टीच्या डाव्या कडेला स्वतःच्या हातानं चुन्याची रेघ मारली. मी मचाणावरून पांढरा झेंडा दाखवल्याशिवाय कुणीही ती रेघ ओलांडायची नाही, असा नियम झाला.

*

नियम झाला, पण तो पाळायला लावणार कोण? तेव्हा दफेदारमामा आले. संस्थानच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. दसऱ्याच्या सलामीच्या तोफांपाशी त्यांनी वीस वर्षं काढली होती. व्यंकटरावांनी त्यांना काम समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा मामांनी पहिली गोष्ट सांगितली, "समोर येऊन बोला."

आम्हाला वाटलं, दफेदारी थाट!

पहिल्याच दिवशी ते लाल झेंडा घेऊन रेघेवर उभे राहिले. रुस्तमसाहेबांचं विमान आलं ते थेट त्यांच्या अंगावर. आम्ही ओरडलो, पण मामा हलले नाहीत. पंख्यानं झेंड्याच्या चिंध्या केल्या, तेव्हा कुठे विमान थांबलं.

"नाक वर असतं ने विमानाचं!" रुस्तमसाहेब घाम पुसत म्हणाले. "जमिनीवर चालताना मला समोर फक्त इंजिन दिसतं. माणूस कसा दिसणार?"

मामांनी चिंध्या गोळा केल्या. "उद्यापासून दिसेल," म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मामा घोडीवर बसून आले! तांबूस रंगाची म्हणून कानडीत तिचं नाव केंची. तीही तोफखान्यातलीच, तोफा ओढून म्हातारी झालेली. घोडीवर बसलेला माणूस इंजिनाच्या वर दिसायचा. प्रश्न मिटला.

"पण मामा, इंजिनाच्या आवाजाला ही बुजणार नाही?" मी विचारलं.

"हिला ऐकूच येत नाही की हो! दसऱ्याच्या तोफांनी कान गेले," मामा म्हणाले आणि हसत तिच्या मानेवर थोपटलं. "तोफांपाशी कान कुणाचे राहतात?"

*

रुस्तमसाहेबांनी पुढे बरेच दिवस दंगा केला. रेघेपाशी थांबावं लागलं की खिडकीतून डोकं काढून शिव्या घालायचे, त्याही तीन भाषांत. मामा धावपट्टीकडे पाठ करून, विमानाच्या डोक्यावरून माझ्या मचाणाकडे बघत उभे असायचे. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलायची नाही.

शेवटी रुस्तमसाहेबच हरले. चहा पिताना मला म्हणाले, "असा सभ्य माणूस मी बघितला नाही. माझे सगळे शब्द संपले, पण त्याचा एक निघाला नाही!"

*

नियम सगळ्यांना सारखा. एकदा व्यंकटराव सायकलवरून डावीकडून धावपट्टी ओलांडायला निघाले. मामांनी केंची आडवी घातली.

"अहो, मीच मारली ती रेघ!"

"म्हणून तर तुम्ही थांबायला पाहिजे, स्वामी."

व्यंकटराव उन्हात पाव तास उभे राहिले. मी मुद्दाम जरा उशीर केला, हे आज कबूल करतो!

*

आणि मग बेंगळूरहून पत्र आलं. विमानाच्या मैदानावर घोडं म्हणजे संस्थानचं हसं आहे, असं कुणा मोठ्या साहेबांना कळलं होतं. घोडी काढावी, झेंडेवाल्याची जागाही रद्द करावी, साहेब दसऱ्याला स्वतः येऊन हुकूम देतील, असं त्यात होतं.

व्यंकटरावांनी समोर उभं राहून पत्र वाचून दाखवलं. मामांनी शांतपणे ऐकलं. घरी त्यांना कुणी नव्हतं. होती ती केंची, आणि जागा गेली तर तिला कसायाशिवाय कुणी घेणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"दसरा आठ दिवसांवर आहे," मामा म्हणाले. "तोवर रेघ माझी."

*

दसऱ्याच्या आदल्या सकाळी साहेबांना घेऊन रुस्तमसाहेबच आले. उतरले, वळले, रेघेकडे आले. केंची आडवी उभी! साहेबांनी खिडकीतून हुकुमाचा कागद फडकवला आणि ओरडले, "हटवा ते जनावर!"

आणि मला सूर्याच्या बाजूनं दुसरं विमान येताना दिसलं. आगाऊ सूचना नव्हती, काही नव्हतं. मी पांढरा झेंडा खालीच घट्ट धरला. ते केंचीच्या शेपटामागून, चार हातांवरून, धूळ उडवत घोंगावत गेलं! टोपी उडाली, तरी मामांनी मान वळवली नाही. केंचीचा कानही हलला नाही.

धूळ बसली. रुस्तमसाहेबांनी इंजिन बंद केलं. त्या गडबडीत पांढरा झेंडा दाखवायचं राहूनच गेलं. मी तसाच मचाणावरून उतरून धावत सुटलो.

तोवर साहेब खाली उतरले होते. चेहरा पांढराफटक. ते मामांच्या बाजूनं मागे गेले, रेघ ओलांडली आणि धावपट्टीवर उमटलेल्या चाकांच्या ताज्या खुणांकडे बघत राहिले. मग तिथूनच, मामांच्या पाठीमागून म्हणाले, "दफेदार, हुकूम मी परत घेतो. घोडी राहील. तुम्हीही राहाल."

मामांची पाठ तशीच ताठ. नजर रिकाम्या मचाणावर.

"रागावलात का? मी चुकलो म्हणतोय ना!" साहेबांनी आवाज चढवला.

मामा गप्पच!

तोफांपाशी कान कुणाचे राहतात, हे मामांचं बोलणं मला तेव्हा आठवलं. मी मामांच्या बुटाला हात लावला आणि मागे बोट दाखवलं. त्यांनी केंची वळवली. साहेबांना बघितलं, साहेबांच्या पायाखाली बघितलं, आणि मिशा थरथरल्या.

"स्वामी, बोलायचं ते समोर येऊन बोला," मामा कडाडले. "आणि आधी रेघेच्या आत या! पांढरा झेंडा अजून झालेला नाही!"