आखडलेली मान घेऊन चौक गावच्या योगशिबिराला

लिहायला फारच उशीर झाला, माफ करा. दोन महिने मान डावीकडे वळत नव्हती. एका बोटाने टाइप करायचं, खाली बटणं बघायची, वर पडदा बघायचा, ही मला शिक्षाच झाली होती. आता बरं आहे. निदान काल संध्याकाळपर्यंत तरी होतं.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी सातवी पास. एकतीस वर्षं एका कंपनीत आधी शिपाई, मग आवक-जावक कारकून. आता मीरा रोडला आमच्याच सोसायटीच्या ऑफिसात रहिवाशांच्या तक्रारी लिहून घेतो. दार माझ्या डाव्या हाताला. मान अडकल्यापासून कोण आत आलं ते दिसेना. एकदा न बघताच मी म्हणालो, "गटाराचं असेल तर उद्या या." ते सेक्रेटरी साहेब निघाले. त्यांनी शांतपणे सांगितलं, सोमवारपर्यंत बघा, नाही जमलं तर घरी आराम करा. घरी बसून मी दिवसभर गॅस बंद आहे का, हे किती वेळा बघणार?

उत्तनजवळच्या चौक गावात टेबलावर काम करणाऱ्यांसाठी रविवारी एक दिवसाचं योगशिबिर होतं. फी दीडशे, जेवणासकट. मी चटई, बाम, एक्स-रे, गरम पाण्याची पिशवी आणि स्वेटर भरला. महिना मे.

"शिबिराला चाललाय की ॲडमिट व्हायला?" बायकोने विचारलं.

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर पालिकेची बस मिळते. सकाळी लवकर गेलात तर बसायला जागा मिळते. राई गाव मागे पडलं की मिठागरं लागतात. डावीकडची जास्त छान होती म्हणे, मी उजवीकडचीच पाहिली. शेजारी डाव्या हाताला रिकामी पाटी घेऊन एक कोळीणबाई बसली होती. बराच वेळ माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बाबा, मान अशी काय धरलीस? माझ्यावर रागवलास काय?" मी म्हटलं, मान धरली आहे ती खुर्चीने. ती म्हणाली, "मंग खुर्चीला सांग ना सोडायला."

शिबिर गावातल्या एका हॉलमध्ये होतं. बाहेर बांबूंवर बोंबील सुकत होते, त्यामुळे दीर्घ श्वास घ्या म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघत. बाकी सगळे कॉम्प्युटरवाले. आधी खांदे कानापर्यंत उचलून सोडायचे. मग बोटं गुंफून हात वर, ताडासनासारखे. मग खुर्चीत ताठ बसून कंबरेतून वळायचं. मान वळवायची ती श्वास सोडत, मनात पाच मोजत. झटका अजिबात द्यायचा नाही. दर तासाला दोन मिनिटं केलं तरी पुरतं. माझ्या पाठीतून कट्ट असा आवाज आला तेव्हा मी सोबत आणलेला एक्स-रे बाहेर काढायला उठलो. योग शिकवणाऱ्या बाईंनी मला बसवलं.

मग बाई म्हणाल्या, प्रत्येकाने ऑफिसात बसतो तसं बसून दाखवा. माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या.

"काका, मागची अर्धी खुर्ची कोणासाठी ठेवली आहे?"

मी सांगितलं, मी नेहमी कडेलाच बसतो. टेकून बसलं आणि साहेब आले तर उठायला उशीर होतो.

"साहेब दिवसातून किती वेळा येतात?"

"एकदा. संध्याकाळी. दहा मिनिटं."

"आणि बाकीचा दिवस?"

एकतीस वर्षं मी उठायच्या तयारीत बसलो होतो. बाईंनी माझे खांदे धरून मला हळूच मागे टेकवलं. चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं, पण मान थोडी सैल झाली. जेवणाला मुगाची खिचडी होती, मीठ कमी.

सोमवारी ऑफिसात पाठ टेकवून बसलो. संध्याकाळी डावीकडे चाहूल लागली. शिकवल्याप्रमाणे मी श्वास सोडत, पाच मोजत मान वळवली. वेळ लागला. तेवढा वेळ सेक्रेटरी साहेब दारात उभे. मान पूर्ण वळली आणि मी म्हणालो, "या साहेब." पण उठायचं राहूनच गेलं.

ते म्हणाले, "फिरली की मान. बसा, काका, बसा."

खुर्ची वाचली. पण मी तर बसलेलाच होतो. मग ते "बसा" दोनदा का म्हणाले? आनंदाने की टोमणा मारून? तीन रात्री मी याच विचारात आहे आणि मान पुन्हा जड वाटतेय. तुमच्यापैकी कोणी ऑफिसात साहेब असेल, तर त्याने कृपा करून लवकर कळवावं. आमचे साहेब रोज संध्याकाळी साडेसहाला येतात.