आधी आपली ओळख सांगायची

परवा मंगळवारी ऑफिसात एका 401 नं, म्हणजे 'ओळख पटली नाही' या एररनं, माझा जीव खाल्ला. आमच्या प्रोग्रामनं दुसऱ्या कंपनीच्या वेब सर्व्हिसकडून माहिती आणायची, एवढंच काम. युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर... तरी नकार!

दुपारी डोक्यात प्रकाश पडला. समोरून 'तू कोण?' असं विचारलं की मगच आमचा प्रोग्राम ओळख सांगणार, आणि तो सर्व्हर बाबा विचारतच नाही, थेट हाकलतो. मग पहिल्याच रिक्वेस्टच्या हेडरमध्ये, म्हणजे मागणीच्या मथळ्यातच, ओळख घातली. तीही दर वेळी, कारण त्याला मागचं काही आठवत नाही. झालं, चाललं एकदाचं.

आणि चहा घेता घेता मला मायची आठवण आली...

माय गावी, आळंदला, थोरल्या भावाकडे असते. दोन वर्षांपासून ती विसरायला लागली आहे. आमच्याकडे फोनवर कोणी आधी नाव सांगत नाही, "वळख बघू, कोन बोलायलंय?" अशी थट्टाच असते. पुण्याला आल्यापासून मी दर रविवारी तिला हेच विचारायचो.

ती विसरायला लागल्यावरही विचारत राहिलो... गाढव कुठला! माझं नाव घेतलं की मला वाटायचं, अजून सगळं ठीक आहे. नाही आठवलं की ती फोन वहिनीकडे द्यायची. वहिनी एकदा म्हणाली होती, "भावजी, फोन ठिवला की रडतेत हो त्या." मी ते मनावर घेतलं नाही.

त्या संध्याकाळी ऑफिसच्या जिन्यातून फोन लावला. थट्टा नाही, काही नाही. तिनं 'हॅलो' म्हणताच सांगून टाकलं, "माय, मी सिद्धू. तुझा धाकटा. पुण्याहून बोलायलोय."

ती हळूच म्हणाली, "न्हाई ध्यानात यायलं रे बाबा... रागावू नको. पर लई दमल्यासारखा बोलायलास. जेवलास का?"

मी हो म्हणालो. खोटंच. फोन ठेवला आणि तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडलो.

सगळं नीट सांगूनही तिला मी आठवलो नाही, हे फार लागलंय. पण जो कोण आहे हेही तिला कळत नाही, त्याच्या जेवणाची काळजी करणारी ही बाई माझी माय आहे... शनिवारी आळंदला निघालोय. तिनं ओळखलं नाही तरी तिच्यासमोर बसून जेवणार आहे.