आत्याबाईचं आवतन

आमची आत्याबाई माणसांशी जेमतेम बोलायची, पण लाकडी नंदीला अहोजाहो करायची. बोरी अरबच्या आमच्या घरी एखादं पोर दोरीनं नंदी ओढत आलं, की पोराला ती "हो बाजूले" म्हणायची आणि नंदीला विचारायची, "कसं काय मालक, चाकं बरी हायेत ना?"

तिच्या मते हे नंदी इथले नव्हतेच. चाकापूर नावाचा त्यांचा मुलूख होता. तिथं पायऱ्या नाहीत, उंबरे नाहीत, सगळं सपाट. दोरी बैलांच्या तोंडात, आणि माणसं लाकडाची, चाकांवर मागून गडगडत येणारी. माणूस अडून बसला तर बैल त्याला समजावतात, चाबूक उगारत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला ही मंडळी आपल्याकडे पाहुणी येतात, आणि पाहुण्याला आवतन द्यावंच लागतं. म्हणून आदल्या दिवशी पोळा फुटला, खरे बैल घरोघर गेले, की आत्याबाई लोणी-हळदीची वाटी घेऊन ओट्यावर बसायची. खऱ्या बैलांचे खांदे मळतात तसे ती प्रत्येक नंदीचे खांदे चोळायची आणि कानाशी वाकून म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोठी माणसं हसायची. पोरं मात्र कान देऊन ऐकायची.

माझ्या नंदीला तिनं कधी आवतन दिलं नाही. मी तिची सख्खी भाची. माझा नंदी सागवानी, बाबांनी मुद्दाम करवून घेतलेला, गळ्यात पितळी घुंगरू. मी वाटीपुढे ठेवला की ती तो उचलून आपल्या पाठीमागे ठेवायची आणि पुढच्याला बोलवायची.

पुढची बहुतेक शेवंता असायची, बंजारा तांड्यावरची. तिच्या नंदीचं एक शिंग मोडलेलं, चाक कुरकुरणारं. त्या ध्यानाला आत्याबाईनं चाकापूरचा नायक करून टाकलं होतं. चाक कुरकुरलं की सगळ्यांना गप्प करून सांगायची, "ऐका, नायक बोलून राह्यले." तांड्याचा प्रमुख तो नायक, त्यामुळे शेवंता मान ताठ करून उभी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा माझाही कुरकुरावा म्हणून मी त्याच्या चाकात रेती कोंबली. आत्याबाईनं काडीनं रेती काढली, तेल घातलं आणि त्याला देव्हाऱ्याखालच्या त्याच्या जागी ठेवून दिलं.

शेवटी मी रडत विचारलंच, की माझ्या नंदीनं असं काय केलं?

"पाव्हण्याले आवतन द्या लागते, पोरी. घरच्याले कोनी देते काय? मी वापस आली, तवा मले तरी कोनी देलं होतं?"

ती सासरहून कायमची परत आलेली होती. का, ते घरात कुणी विचारत नसे. माझ्या डोक्यात तेव्हा यातलं काही शिरलं नाही. शेवंताला झुकतं माप आणि मला पोकळ गोष्टी, एवढंच मी धरून बसले.

मग लग्न होऊन मी वणीला गेले. पहिल्याच पोळ्याला माहेरी आले. आत्याबाई वाटी घेऊन बसली होती. गल्लीतली पोरं खोळंबली असताना तिनं आधी माझा नंदी मागवला, सावकाश खांदे चोळले आणि कानाशी वाकली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ज्या शब्दांसाठी मी सारं लहानपण जळले, ते ऐकताच मी नंदी मागे ओढून घेतला. "मले नको तुयं आवतन," मी म्हणाले.

"घे वं," ती खाली बघत म्हणाली. "आता दरसाली द्या लागीन."

आणि तिनं शब्द पाळला. आता तिला ऐकू कमी येतं, लोणी बोटांतून गळतं, पण माझं आवतन चुकत नाही. यंदाही मिळालं. घरात आले तर भावाची मुलगी देव्हाऱ्यापाशी गाल फुगवून बसलेली, मांडीवर तिचा नंदी, खांदे कोरडे.

"आजी सगळ्यायच्या नंदीले आवतन देते," ती म्हणाली. "मायाच नंदीले नाही देत."

मी तिची समजूत काढायला हवी होती. पण लोण्यानं माखलेला माझा नंदी हातात धरून मी तशीच उभी राहिले, आणि त्या एवढ्याशा पोरीवर जळत राहिले.