इन्शाल्ला म्हणालो, एवढंच

हे मी शबानाला सांगितलेलं नाही. शबाना माझी बायको. माझ्या खिशातल्या पावत्यांपासून माझ्या रक्तातल्या साखरेपर्यंत तिला सगळं ठाऊक असतं — हे नाही. नमाज झाल्यावर हात उचलून बसतो, तेव्हासुद्धा मी या गोष्टीच्या जवळ जातो आणि मागे फिरतो. त्याला ठाऊकच आहे, मग उच्चार कशाला, अशी स्वतःची समजूत घालतो. सोयीची समजूत आहे ती. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं पटायचं नाही. मी मूळचा गुहागर तालुक्यातला, मराठी शाळेत शिकलेला कोकणी मुसलमान. राहतो शारजात, अल नहदाला, आणि नोकरी दुबईच्या जबल अलीत, एका गोदामाच्या कंपनीत एचआरची. माणसांच्या रजा, विमे, राहायच्या खोल्या, सगळं माझ्या टेबलावरून जातं. अशा नोकरीत माणूस हळूहळू संशयी होतो. की मी आधीपासूनच होतो आणि नोकरी तेवढी सोयीची मिळाली? आजारपणाची रजा मागायला कुणी फोन केला की मी मागचे आवाज ऐकतो. मॉलचा गलका आहे का? विमानतळाची घोषणा आहे का? माझी मुलगी म्हणते, "अब्बा, यू ट्रस्ट नोबडी." कौतुकानं म्हणत नाही ती.

तर, मारिबेल. आमच्या डिस्पॅचच्या टेबलावर बसणारी फिलिपिनो मुलगी. मुलगी म्हणतोय, पण तिशीच्या पुढची. कामात चोख. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सर' लावायची, वाक्य एकाच शब्दाचं असलं तरी. एके दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, युरोपला फिरायला जायचं आहे, टुरिस्ट व्हिसाचा अर्ज करतेय, कंपनीची एनओसी हवी. म्हणजे ही बाई आमच्याकडे नोकरीला आहे, हिची रजा मंजूर आहे, आमची काही हरकत नाही, असं पत्र. तिच्या पासपोर्टला काय, माझ्या पासपोर्टला काय, युरोपचं दार नुसतं ढकलून उघडत नाही. तिकीट दाखवा, हॉटेल दाखवा, बँक दाखवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं — तुम्ही परत जाल हे दाखवा. आता न घडलेली गोष्ट कुणी कशी दाखवायची?

मी पत्र दिलं. हे लक्षात घ्या, पत्र मीच दिलं. छान पत्र होतं.

पण देताना विचारलं, "तिकडे कुणी आहे का तुझं?"

"नो सर. ओन्ली टुरिस्ट, सर."

फार पटकन उत्तर आलं. आणि पटकन आलेल्या उत्तरावर माझा कधीच विश्वास नसतो.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. हे सांगायला लाज वाटते, पण ठेवली. पँट्रीत ती व्हिडिओ कॉलवर बोलत होती, तेव्हा मी उगाच पाण्याची बाटली भरायला गेलो. पडद्यावर एक म्हातारी बाई, चेहरा मारिबेलचाच, आणि तिच्यामागे खिडकीत बर्फ. फिलिपिन्सला बर्फ पडत नाही, एवढा भूगोल मलाही येतो. मला बघून मारिबेलनं फोन उलटा केला. झालं. मी मनात खूण केली — खोटं बोलली.

मग कंपनीच्या खोल्यांची पाहणी आली. चार बायकांची खोली, ती दारात उभी, आणि तिच्या पलंगाशेजारी कंबरेएवढा मोठा खोका, निम्मा भरलेला. आत साबण, चॉकलेटं, डबे, टॉवेल. पलंगामागच्या भिंतीवरचे फोटो काढलेले. "धिस इज फॉर होम, सर," ती म्हणाली. आता तुम्ही आखातात राहिला नसाल तर सांगतो. आमच्या कोकणातला माणूस कार्गोची पेटी भरायला लागला की त्याचा एकच अर्थ — व्हिसा कॅन्सल करून तो कायमचा घरी चालला. माझ्या अब्बांनी आयुष्यात एकदाच पेटी भरली आणि पुन्हा इकडे आले नाहीत. त्यामुळे तो खोका बघितला आणि माझ्या डोक्यात सगळं जुळलं. ही सामान घरी पाठवून देतेय, स्वतः बॅग घेऊन युरोपला जाणार, आणि तिकडेच गडप होणार.

नाताळाच्या आधी इथली जवळजवळ प्रत्येक फिलिपिनो बाई असा खोका भरून घरी पाठवते, हे मला नंतर कळलं. दरवर्षी पाठवतात. फोटो काढले होते कारण भिंतीला रंग देणार होते, आणि रंगाचा हुकूम माझ्याच सहीनं निघाला होता. विचारलं असतं तर त्याच वेळी कळलं असतं. पण संशयी माणूस विचारत कुठे असतो? तो नुसता बघतो.

तुम्ही म्हणाल, एवढा संशय कशापायी? त्यालाही कारण होतं, आणि मी ते पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलोय. त्याच्या थोडं आधी आमच्या कंपनीतला एक माणूस असाच युरोपला फिरायला गेला आणि परतला नाही. एनओसी मीच दिली होती. मालकानं सगळ्यांसमोर मला झापलं. "हबीबी, तू माणसं ओळखतोस म्हणून तुला पगार देतो ना?" दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरंच. पण तो पळालेला माणूस कोण होता, ठाऊक आहे? चिपळूणकडचा. आपलाच. माझ्या बायकोच्या नात्यातला, माझ्याच शब्दावर नोकरीला लागलेला. पळाला आमचा पाहुणा, आणि मी फुंकर घालत बसलो मारिबेलवर. तिचा देश वेगळा, भाषा वेगळी, तिच्यावर संशय घ्यायला काही लागत नव्हतं.

अजून मुद्द्यावर आलो नाही ना? येतो.

एका दुपारी फोन वाजला. मारिबेलनं ज्या देशाकडे अर्ज केला होता, त्याच्या व्हिसा ऑफिसातून. बाई युरोपियन असावी, पण बोलण्यावरून इथे बरीच वर्षं काढलेली. पडताळणी चालू होती. मारिबेल तुमच्याकडे काम करते का? हो. रजा मंजूर आहे का? हो. पत्रावर सही तुमची का? हो. मग तिनं विचारलं, ती परत कामावर येईल ना?

इथे मला 'हो' म्हणायचं होतं. आधी म्हणत होतो तसंच, त्याच आवाजात, चौथ्यांदा.

मी म्हणालो, "इन्शाल्ला."

आता तुम्हाला वाटेल, त्यात काय वाईट? हा तर आमच्या घरातला शब्द — अल्लाची मर्जी असेल तर. माझी अम्मी तो शब्द तोलूनच तोंडातून काढायची. आम्ही पोरं खेळायच्या घाईत "आणतो, इन्शाल्ला" म्हणालो की ती थांबवायची. म्हणायची, नाव घेतलंस ना त्याचं? मग आता तुझ्याकडून कसूर व्हायची नाही. तिच्या लेखी तो शब्द म्हणजे शपथेच्या खालोखाल. पण आखातातल्या ऑफिसात त्याच शब्दाचं आम्ही काय केलंय, ते इथे राहणारा प्रत्येक जण जाणतो. पैसे कधी देणार? इन्शाल्ला, नेक्स्ट वीक. म्हणजे विसरा. गाडी दुरुस्त होईल आज? इन्शाल्ला. म्हणजे टॅक्सीनं जा. नाही म्हणायची हिंमत नसली की माणूस देवाला पुढे करतो. आणि त्या बाईलाही ते ठाऊक होतं.

ती हसली. म्हणाली, "इन्शाल्ला येस, ऑर इन्शाल्ला-इन्शाल्ला?"

बघा, तिनं मला संधी दिली होती. सरळ विचारलं होतं. "येस मॅडम, शुअर" म्हणायला किती वेळ लागतो?

मी पण हसलो. म्हणालो, "यू नो, मॅडम… इन्शाल्ला."

"ओके, खलास," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एवढंच. एका शब्दाचंही खोटं बोललो नव्हतो. उद्या मारिबेल पळाली असती तर मालकाला सांगता आलं असतं, मी त्यांना सावध केलं होतं. नसती पळाली, तर मी तिच्याबद्दल वाईट कुठे बोललो? दोन्हीकडून मी मोकळा. भित्र्या माणसाची हुशारी ही अशी असते. आणि आता सांगतोच आहे तर हेही ऐका — फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. नुसतं सुटल्यासारखं नाही, थोडा आनंदच झाला. मी इतकी वर्षं इथे घासतोय, नकार येईल या धास्तीनं मी कधी युरोपचा अर्जसुद्धा केला नाही, आणि ही डिस्पॅचवाली पोरगी निघाली होती. मत्सर होता तो. मालकाची भीती त्याच्यावर पांघरायला बरी पडली.

नकार आला. ती कागद घेऊन माझ्याकडेच आली, कारण तिच्या मते ऑफिसात तिला मदत करणारा मी एकटा होतो. परत जाण्याच्या इराद्याबद्दल खात्री पटत नाही, अशा अर्थाचं लिहिलं होतं. मी तो कागद पहिल्यांदाच विषय कळल्यासारखा वाचला. चष्मा काढून पुसला. "सो सॉरी, मारिबेल," म्हणालो. तिला चहा मागवला.

चहा पिता पिता तिनं आपणहून सांगितलं. बर्फातली ती बाई तिची आई. मारिबेल प्राथमिक शाळेत असताना ती युरोपला गेली, तिथे एका म्हातारीची सेवा करते, कागदपत्रं कधी झालीच नाहीत. बाहेर पडली तर परत आत येता येणार नाही, आणि तिच्या जिवावर गावाकडे सगळं घर चाललेलं. म्हणून ती येऊ शकत नाही. म्हणून मारिबेल जाणार होती, रजेपुरती, आणि परत येणार होती, कारण गावाकडे धाकट्या भावाचं शिक्षण तिच्या पगारावर चालू होतं. आईचं नाव सांगितलं तर आईच पकडली जाईल, या भीतीनं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. "आय ओन्ली वाँट टू स्लीप बिसाइड हर, सर," ती म्हणाली. "लाइक बिफोर."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. त्या बाईला उलट फोन करायचा, चूक झाली म्हणायचं, नवं पत्र द्यायचं. अपील करता येतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी तिला म्हणालो, चहा गार होतोय.

आणि मग तिनं स्वतःतच दोष शोधायला सुरुवात केली. इथल्या फिलिपिनो मुलींचा आपसात एक समज आहे, आणि तो अगदीच चूक नाही, की एकट्या बाईवर व्हिसावाले विश्वास ठेवत नाहीत. नवरा मागे असला की ठेवतात. मारिबेलला लग्न करायचं नव्हतं. हे मी ऑफिसात तिच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं, हसत हसत सांगायची ती. पण दोन-एक वर्षांत तिनं केलं. शारजात इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमधला मेकॅनिक, तिच्याच देशाचा. माणूस वाईट नाही. तिच्याशी नीट वागतो. पण ती त्याच्याबद्दल बोलते तेव्हा 'गुड मॅन' यापलीकडे काही बोलत नाही, आणि लग्नाचं कारण तिनं मला न लाजता सांगितलं होतं — "नाऊ दे विल बिलीव्ह मी, सर."

लग्नानंतर तिनं पुन्हा अर्ज केला. पुन्हा नकार. आधीचा नकार नोंदलेला असतो, तो असा पुसला जात नाही. तिसऱ्यांदा तिनं केला नाही. ती अजून आमच्याकडेच आहे, माझ्या केबिनच्या काचेतून दिसते. नवीन मुली अर्ज करायला निघाल्या की त्यांना समजावते, माझ्यासारखी चूक करू नका. तिची चूक! मी आत बसून ऐकतो.

तिच्या लग्नाला मी गेलो होतो. शबाना आणि मुलगीही होती. अल नहदातल्या एका हॉटेलात वरच्या मजल्यावर जेवण होतं, फुगे लावलेले, गाणी चाललेली. तिनं मला बोलावून पहिल्या टेबलावर बसवलं, वडीलधाऱ्या माणसांच्या रांगेत. केक कापून झाल्यावर ती पांढरा झगा सावरत फोन घेऊन माझ्याकडे आली. पडद्यावर तिची आई. नटली होती. लेकीच्या लग्नासाठी परक्या घरात एकटीच लिपस्टिक लावून बसली होती.

"ममा, धिस इज सर," मारिबेल म्हणाली. "ही गेव्ह मी द लेटर."

त्या बाईला इंग्रजी फारसं येत नसावं. शब्द जुळवत म्हणाली, "थँक यू, सर. यू हेल्प माय डॉटर." मग तिनं हात जोडले. कुणाकडून शिकली होती, कोण जाणे, पण आपल्यासारखे जोडले.

शबाना माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी फोन हातात घेतला, थोडा लांब धरला, म्हणजे चेहरा नीट दिसावा. "माय प्लेझर, मॅडम," म्हणालो. आणि हसलो.