दुधावरचा संशय

त्या वर्षी आषाढात आमच्या सेलूच्या आळीत एकमेकांचे डोळे बघायची पद्धत पडली. कोणी भेटलं की बोलणं नंतर. आधी बोटाने खालची पापणी ओढायची, तोंड उजेडाकडे फिरवायचं आणि डोळ्यातलं पांढरं किती पांढरं राहिलंय ते पाहायचं. शेजारीण मीठ मागायला आली तरी मामी तिच्या नखांकडे बघे, आणि शेजारीण मामीच्या.

आळीत कावीळ आली होती.

मी तेव्हा मामाकडे राहून वर्ध्याच्या कॉलेजात इंटरला होते. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. मामा शाळेत मास्तर. आळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. वैशाखात माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं, आणि महिन्याभराने, मांडवाचे बांबू अजून परसातच रचलेले असताना, शेजारची सून आजारी पडली. शेजारी मोठे कास्तकार. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत. सून माझ्याच वयाची, दिवस गेलेली. आम्ही दोघी रोज भिंतीवरून गप्पा मारायचो. एक दिवस ती भिंतीपाशी आली आणि म्हणाली, "मले अन्नाचा वासच नाई सहन होऊन राह्यला." मला वाटलं, असतं असं या दिवसांत. चार दिवसांत ती हळदीसारखी पिवळी झाली. मागोमाग आणखी घरांतून तीच बातमी येऊ लागली.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन गेले. जाताना घाईघाईत म्हणाले, "दूध-पाणी सांभाळा." आळीने त्यातलं दूध तेवढं ऐकलं.

कारण दुधावर संशय आधीपासूनच होता. आळीला दूध घालणारी एक गवळण होती, विधवा, गावाबाहेर राहायची. गवळाऊ जातीच्या चार गाई, सून आणि एक नात एवढा तिचा संसार. पितळी चरवी डोक्यावर घेऊन ती यायची आणि प्रत्येक घरची बाई दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरून बघायची. ती हे सगळं न बोलता बघत उभी राहायची.

त्या सकाळी ती आली तेव्हा शेजारच्या ओट्यावर पुरुषमंडळी जमली होती. मामाही होते. सुनेचे सासरे उठून उभे राहिले.

"चरवी खाली ठेव. ज्या ज्या घरी तुहं दूध, त्या त्या घरी कावीळ. आता बोल."

"माही नात तेच दूध पेते, पाटील. तिचे डोये पाहून घ्या."

"नाल्याचं पानी टाकते तू दुधात. साऱ्या आळीले मालूम आहे."

 यावर तिने नुसती मान खाली घातली. तेवढं पुरेसं झालं. कोणीतरी पायाने चरवी कलंडवली. दूध ओट्याखालच्या मातीत गेलं. तिने रिकामी चरवी उचलली, पदराने पुसली आणि निघून गेली. मी दारातून बघत होते. मलाही वाटलं, खरं नसतं तर ही बोलली असती.

दुसऱ्या आठवड्यात सुनेला वर्ध्याच्या दवाखान्यात हलवलं. ती वाचली, पण तिचं मूल गेलं. भिंतीपलीकडून दिवसभर रडणं ऐकू येई. मामी चुलीपुढे बसून डोळे पुसायची आणि गवळणीला शिव्या द्यायची.

कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र होतं. शिकवणारे सर किडकिडीत आणि सदा वैतागलेले. परीक्षेला येतात तसले प्रश्न ते फळ्यावर लिहायचे. त्या दिवशी त्यांनी लिहिलं : एका गावात ज्या घरांपुढे तुळस आहे त्या घरांत ताप कमी येतो, म्हणून तुळशीमुळे ताप टळतो.

"हे खरं की खोटं ते मला सांगू नका," सर म्हणाले. "कोणती गोष्ट नव्याने कळली तर हा युक्तिवाद लुळा पडेल, ते सांगा."

एकजण म्हणाला, तुळस पवित्र असते. सर म्हणाले, "असेल. त्याने याला धक्काही लागत नाही." दुसरा म्हणाला, माझ्या मावशीकडे तुळस आहे तरी ताप आला. "एका मावशीने काय होतं? ताप कमी येतो म्हटलंय, येतच नाही असं कुठे म्हटलंय?"  शेवटी सरच म्हणाले, "तुळशीवाली घरं सगळी टेकडीवर असली, आणि बाकीची डबक्याकाठी, तर? तुळस आणि ताप यांच्या मागे तिसरंच काहीतरी उभं असेल. ते शोधा."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. डोक्यात तुळशीच्या जागी दूध आपोआप येऊन बसलं. ज्या घरी दूध, त्या घरी कावीळ. मग त्यामागे तिसरं काय?

घरी येऊन पहिला प्रश्न मामीला विचारला. "मामी, आपण दूध कच्चं पितो का गं?"

"कच्चं कोन पेते, बाप्पा? आलं की चुलीवर जाते."

"आणि पाणी?"

"पानी कोन उकयते?"

त्यानंतर मी घरोघर जाऊन विचारू लागले. कोण आजारी आहे, दूध कोणाचं घेता. हे लोकांना आवडलं नाही. बायका दारातच उभ्या राहून उत्तरं द्यायच्या, आणि मी वळले की मागून ऐकू यायचं, "मास्तरची भाची काऊन विचारून राह्यली? कोनी पाठवलं असंन?" एका घरी तर मला पाहून दार ओढून घेतलं. मीही कोणावर विश्वास ठेवत नव्हते. कोणी "आमच्याकडे सगळे बरे" म्हटलं की मी आत डोकावून बघायची.

कोपऱ्यावरच्या घरी स्वतःची म्हैस होती. गवळणीचं दूध तिथे कधी गेलंच नव्हतं, तरी त्या घरचे दोघे भाऊ पिवळे होऊन खाटेवर पडलेले. आणि गवळणीचं सगळ्यात जास्त दूध जायचं ते जैन कापडवाल्यांकडे. तिथे लेकरंबाळं धरून सगळी ठणठणीत. मी कापडवाल्यांच्या बायकोला विचारलं, तुमच्याकडे कोणालाच कसं नाही? ती हसून म्हणाली, "देवाची कृपा." मग पापड लाटता लाटता सहज म्हणाली, "तुमच्याकडच्या लग्नात जेवायचं मात्र राहून गेलं हो. आमची पंगत बसेपर्यंत सूर्य मावळला, मग आम्ही पाणीसुद्धा घेत नाही. आहेर दिला आणि आलो."

मी लग्नाचा दिवस आठवू लागले. कोपऱ्यावरचे ते दोघे भाऊ लग्नात आमच्याकडे वाढायला होते. भर उन्हात धावपळ करत होते आणि दर फेरीला पिंपातलं पाणी पीत होते. शेजारची सून दिवसभर माझ्या मामेबहिणीजवळ बसली होती. तिला पिंपातलं पाणी मीच नेऊन दिलं होतं. आमची विहीर वैशाखात तळाला जाते, म्हणून मामांनी बैलगाडीवर पिंपं घालून नदीच्या डोहातून पाणी आणवलं होतं. त्या डोहात गुरं बसतात, काठावर लोक परसाकडे जातात. तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

मामा संध्याकाळी ओट्यावर वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं.

"म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नात मी लोकांना विष पाजलं?"

"तसं नाही, मामा..."

"मग कसं? ते पाणी आपण नाही प्यायलो? तू, मी, तुझी मामी? आपल्याला काय झालं? हे तुझ्या तर्कशास्त्रात बसतं का?"

 त्यांचा मुद्दा बिनतोड होता. माझ्या युक्तिवादाला असा एकच ठोसा पुरे होता, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आपण चुकलो, सुटलो.

तेवढ्यात मामी आतून उंबऱ्यापाशी आली.

"आपन नाई प्यायलो ते," ती म्हणाली. "विहिरीचं होतं नव्हतं ते पानी म्या पहाटंच भरून देवघराच्या खोलीत ठेवलं होतं. घरच्यांसाठी. आपन सारे दिवसभर तिथलंच पेत होतो. पिंपातलं लोकांसाठी होतं."

 मामी पदराची कड बोटाला गुंडाळत उभी होती.

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, काविळीचं बी पोटात गेल्यावर महिनाभरही गप्प बसतं, दिवस जुळतात. मग म्हणाले, "पण मास्तर, आता सिद्ध काय होणार? ते पाणी केव्हाच वाहून गेलं. तुम्ही गप्प राहिलात तर तुम्हाला कोणी विचारणार नाही."

मामा गप्प राहिले नाहीत. ते थेट शेजारी गेले. मी भिंतीशी उभी होते. सुनेच्या सासऱ्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "मास्तर, आता तुमचा पाय माह्या घरात नको." आळीतल्या दुसऱ्यांना सांगितलं, तर त्यांना ते पटेना. गवळणीने मास्तरांकडे फुकट दूध घातलं असेल, असं बोललं जाऊ लागलं. एका खोट्या संशयाच्या जागी दुसरा आला, इतकंच.

रविवारी आम्ही गवळणीकडे गेलो. ती गोठ्यात शेण भरत होती. मामांनी हात जोडले. तिने हात झटकले, आमच्याकडे बघितलं.

"मास्तर, पानी टाकतो मी दुधात. थोडंसं. माह्या आडातलं, फडक्याच्या गायनीतून गायून. म्हनून त्या दिवशी तोंड नाई उघडलं. पन कोनाचं लेकरू नाई मारलं म्या."

"आळीत परत या," मामा म्हणाले. "मी सांगतो सगळ्यांना."

"तुमच्या आळीत पाय नाई ठेवत मी आता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, लागलं तर तू येऊन नेजो."

मी रोज गाडीहून उतरल्यावर तिच्याकडे जाऊन दूध आणू लागले. मामी अजूनही थेंब नखावर धरून बघायची.

शेजाऱ्यांशी बोलणं बंद राहिलं ते दोन वर्षं. मग त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं, तेही वैशाखातच, त्यांच्याच दारात मांडव घालून. आम्हाला बोलावणं नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांची सून आमच्या दारी आली. कडेवर तिची मुलगी होती, चारेक महिन्यांची. मामीला म्हणाली, "काकू, मास्तरांले सकाळीच पाठवजा. पान्यापाशी कोनी भरवशाचं पाह्यजे म्हनते माहे सासरे."

मामा उजाडताच गेले. परसात तीन दगडांवर मोठी कढई चढवली आणि दिवसभर पाणी उकळत बसले. धोतर धुरकटलं, डोळे लाल झाले. येणारेजाणारे हसायचे, "काय मास्तर, पान्याची भाजी करून राह्यले का?" सुनेच्या सासऱ्यांनी समोरच खुर्ची टाकली होती. ते मामांशी एक शब्द बोलले नाहीत. वरमाला पडली तेव्हाही उठले नाहीत. प्रत्येक कढईला खळखळून उकळी फुटते की नाही ते स्वतः वाकून बघायचे, आणि मगच गड्याला म्हणायचे, "हं, आता ने."